हात व्हायोलिनचे, पोट युकुलेलेचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन व्हायोलिनं पूर्ण झाली आहेत, हत्यारं घरात आहेत, आता त्याच हातांनी एक कॉन्सर्ट युकुलेले (चार तारांचं छोटं गिटारवजा वाद्य, त्यातला मधला आकार) करायचंय, आणि आवाज 'भरदार' हवाय. व्हायोलिनचाच साचा वापरावा, तबली (पेटीची वरची पाटी) कोरून कमानदार करावी, आत बास-बार (तबलीखालची लांब पट्टी) आणि साउंडपोस्ट (तबली आणि पाठ यांमधला उभा खुंट) द्यावा, गोल भोकाऐवजी एफ-होल (f आकाराची भोकं) कापावेत, असा बेत आहे. सरस (जनावरांच्या कातड्यापासूनचा गरम करून वापरायचा गोंद) वापरावा की बाटलीतला पांढरा गोंद पुरेल, हेही विचारलंय.

सरस वापरा. साचा, कमान, साउंडपोस्ट आणि एफ-होल मात्र सोडा. एवढं सांगून थांबता आलं असतं, पण 'का' ते कळलं नाही तर माझं ऐकूनही तुम्ही चार दिवसांनी गुपचूप कमान कोरायला घ्याल. मी घेतली होती.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे व्हायोलिन करणाऱ्याची कामाची रीत: आतल्या साच्यावर बाजू वाकवणं, गरम सरसाने जोडणं, खडू लावून चपखल बसवणं, स्क्रेपरने (पातळ पोलादी पात्याने) खरवडत जाडी उतरवणं. दुसरी म्हणजे व्हायोलिनची रचना. रीत जवळजवळ जशीच्या तशी उचलता येते. रचना गजासाठी घडलेली आहे, आणि युकुलेले बोटांनी छेडतात.

माझं पहिलं युकुलेले तुमच्या बेताबरहुकूम होतं. स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची तबली मध्यभागी ३ मिमी, कडेला २.५, सुरेख कमान, आत साउंडपोस्ट. दिसायला देखणं. पहिली तार छेडली आणि आवाज आला तो पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा, आला न आला तोच विझला. साउंडपोस्ट काढला, तर जरा मोकळं वाटलं, पण फार नाही. ते वाद्य सहा महिने भिंतीवर लटकून राहिलं. त्याचं पुढे काय झालं ते सरसाच्या भागात सांगते.

आता कारण. गज तारेला सतत ऊर्जा पुरवत असतो, त्यामुळे जाड, ताठ तबलीसुद्धा हलत राहते. छेडलेल्या तारेला जे मिळायचं ते एकदाच मिळतं. त्यातही युकुलेलेच्या तारा नायलॉनच्या किंवा फ्लुरोकार्बनच्या, हलक्या. तेवढ्याशा शिदोरीवर जड तबली हलवायची तर बराच भाग तिला जागं करण्यातच खर्च होतो.

दुसरा मुद्दा जोराच्या दिशेचा. व्हायोलिनमध्ये चार तारांचा ताण मिळून साधारण २२ ते २५ किलो असतो. तारा घोडीवरून (तबलीवर तारा टेकतात त्या लाकडी तुकड्यावरून) जवळपास १५८ अंशांत वळतात, म्हणून त्यातला ७ ते ९ किलो जोर सरळ खाली तबलीवर येतो. हा दाब पेलायला कमान हवी, बास-बार हवा, साउंडपोस्ट हवा. युकुलेलेची घोडी तबलीवर चिकटवलेली असते आणि तारा तिथेच बांधलेल्या असतात. चारही तारांचा ताण १५ ते २० किलोच्या आसपास, पण तो खाली दाबत नाही. तो घोडीला दांडीच्या दिशेने ओढतो आणि पुढे कलंडवू पाहतो. घोडीमागची तबली वर उचलली जाते, पुढची खाली दबते. या कलंडण्यासाठी कमान नको, योग्य जागी दोन-तीन बारीक पट्ट्या हव्यात. साउंडपोस्ट तर इथे उलटंच काम करतो: जी जागा सगळ्यात जास्त हलायला हवी तिलाच खालून टेकू देतो.

यात माझं स्वतःचं शहाणपण काही नाही. इटलीचा विख्यात व्हायोलिनकार स्ट्रॅडिव्हारी याने गिटारंही केली. त्याचं १६७९ सालचं 'साबिओनारी' गिटार आजही वाजवता येतं. कमान कोरण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या माणसाने गिटारची तबली सपाट आणि पातळ ठेवली. युकुलेलेचा वंशही तोच. १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून मदेइरा बेटावरचे लोक होनोलुलूला उतरले. त्यांत मान्युएल नुनेस, अगुस्तो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन फर्निचर करणारे सुतार होते. त्यांच्याकडच्या 'मशेत' या छोट्या गिटारवजा वाद्यातून आणि हवाईच्या कोआ लाकडातून युकुलेले उभं राहिलं. पातळ, सपाट आणि हलकं, ही त्याची मूळ चाल.

मग कोरलेल्या तबलीचं छेडवाद्य असूच शकत नाही का? असतं की. ऑरव्हिल गिब्सनला कोरीव मँडोलिनचं पेटंट १८९८ मध्ये मिळालं, आणि १९२२ च्या सुमारास गिब्सन कंपनीत लॉइड लोअरच्या देखरेखीखाली एफ-५ मँडोलिन आणि एल-५ गिटार आलं, दोन्ही एफ-होलवाली. पण त्यांच्या तारा स्टीलच्या, तळाशी टेलपीसला अडकवलेल्या, आणि घोडी सुटी. म्हणजे जोर पुन्हा खालीच. तुम्हाला स्टीलच्या तारांचं, कोरड्या ठसक्याचं काहीतरी हवं असेल तर त्या वाटेने जाता येईल, पण त्याला युकुलेलेचा मऊ, गोल आवाज नसेल. तुम्हाला कुठला आवाज हवा यावर हे अवलंबून आहे. 'भरदार' एवढ्यावरून मला ते कळलेलं नाही. नायलॉनच्या तारा धरून पुढचं लिहिते.

आता साचा. तुम्हाला मोह का झाला ते समजतं. व्हायोलिनची खालची रुंदी साधारण २०८ मिमी, आणि कॉन्सर्ट युकुलेलेचीही तेवढीच असते. पण टेप काढा आणि घोडी कुठे येते ते मोजा. कॉन्सर्टची तारेची वाजणारी लांबी ३८० मिमी धरली आणि दांडी बाराव्या पडद्याशी (पडदा म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) पेटीला मिळते असं धरलं, तर पेटीच्या वरच्या कडेपासून घोडी १९० मिमीवर. व्हायोलिनची पेटी ३५५ मिमी लांब, म्हणजे १९० मिमीवर तिची कंबर येते. तिथे रुंदी जेमतेम ११० मिमी. गजाला जागा मिळावी म्हणून घातलेली ती कंबर, आणि तुमची घोडी नेमकी सगळ्यात अरुंद, सगळ्यात ताठ जागी बसणार. कॉन्सर्टची पेटी साधारण २८० मिमीच लांब असते. तिथे तीच घोडी तळापासून ९० मिमीवर, रुंद भागाच्या मधोमध येते. शिवाय व्हायोलिनचे चार कोपरे आले की चार ठोकळे आले, आणि हलणारी जागा आणखी घटली. म्हणून आकार आठच्या आकड्यासारखा, बिनकोपऱ्याचा घ्या. दोनच ठोकळे लागतील, एक दांडीशी, एक तळाशी.

एफ-होलबद्दल एकच गोष्ट. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की भोकातून होणारा हवेचा प्रवाह क्षेत्रफळापेक्षा कडेच्या लांबीवर जास्त अवलंबून असतो. म्हणून लांब, चिंचोळं एफ-होल व्हायोलिनला फायद्याचं ठरतं. पण ते घोडीच्या दोन्ही अंगांना तबलीचे उभे रेषे कापतं. व्हायोलिनची घोडी डावी-उजवीकडे झुलते, तिला ती मोकळीक लागते. तुमची घोडी पुढे-मागे झुलणार, आणि तिला ते उभे रेषे अखंड हवेत. ५५ मिमी व्यासाचं गोल भोक कापा आणि पुढे चला.

म्हणजे रचना गिटारची, रीत व्हायोलिनची. आता ती रीत कुठे तशीच चालते आणि कुठे दगा देते ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे.

आतला साचा ही उत्तम सवय आहे, ठेवा. पण व्हायोलिनच्या बाजू ३० मिमी उंच असतात आणि साचा १५ मिमी जाडीचा पुरतो. युकुलेलेच्या बाजू ६० ते ६५ मिमी उंच. एवढ्या उंच पट्टीला मध्ये एकाच १५ मिमी पट्ट्याचा आधार दिला तर वरची आणि खालची कड आपापल्या मर्जीने फाकते, आणि तबलीशी आकार जुळत नाही. मी १२ मिमी प्लायवुडचे दोन सारखे आकार कापते आणि मध्ये ठोकळे देऊन स्क्रूने जोडते. स्क्रू आतून सुटतील असे ठेवायचे. आतून अस्तरपट्ट्या (बाजूंच्या कडांना आतून चिकटवायच्या पट्ट्या) बसल्या की अखंड साचा बाहेर निघत नाही, तो तुकड्यांत काढावा लागतो. आणि साच्याच्या कडांना मेण चोळा. मेण विसरल्याचा अनुभव मला आहे: ठोकळ्याजवळ सरस ओघळला आणि सकाळी बाजूंचा अख्खा घेर साच्याला घट्ट. पातळ सुरी गरम करून, ओल्या फडक्याने शेकत तो सोडवायला दुपार झाली. पांढरा गोंद असता तर करवतच चालवावी लागली असती.

बाजूंची जाडी व्हायोलिनच्या सवयीने १ मिमी करू नका. एवढ्या उंचीला ती लाटांसारखी दुमडते. साध्या रेषांच्या लाकडाला १.६ मिमी, भरपूर नक्षीच्या मेपलला १.३ ते १.४. वाकवायचं तंत्र तुम्हाला येतंच: गरम नळी, मागून पत्र्याची पट्टी, आणि लाकूड स्वतः सैल पडेपर्यंत धीर. युकुलेलेची वळणं व्हायोलिनच्या कंबरेपेक्षा फारच सौम्य असतात, तेव्हा हे काम तुम्हाला सुट्टीसारखं वाटेल. अस्तरपट्ट्या गिटारवाले खाचा मारलेल्या वापरतात. मी व्हायोलिनसारख्या अखंड, वाकवलेल्या वापरते, २.५ मिमी जाड आणि ८ मिमी उंच. बाजूंचा घेर त्याने ताठ राहतो आणि जे हलायचं ते तबलीतच हलतं.

सरसावर जरा थांबते. पांढरा गोंद वाईट नाही, जोड त्यानेही पक्का होतो. पण तो काहीसा रबरी राहतो, सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो, आणि एकदा बसलेल्या जोडावर दुसऱ्यांदा धरत नाही. सरस काचेसारखा कडक वाळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऊब आणि ओल दिली की तो सुटतो. थंड पाण्यात भिजवा, मग पाण्यातल्या भांड्यात साधारण ६० अंशांवर ठेवा. उकळू देऊ नका. ७० च्या वर गेला की ताकद जायला लागते. ब्रशवरून पातळ, न तुटणारी धार पडली पाहिजे. वेळ मिळतो मिनिटभराहून कमी, म्हणून आधी कोरडी रंगीत तालीम करा, सगळे क्लँप हाताशी मोजून ठेवा, आणि जोडायचे दोन्ही भाग कोमट करा. गार लाकडावर सरस तत्क्षणी थिजतो. त्याला लोक 'सरस नीट धरला नाही' म्हणतात, पण तिथे तो धरायला थांबलेलाच नसतो.

तुम्हाला एक सवय बदलावी लागेल. व्हायोलिनमध्ये वरची तबली पातळ सरसाने लावतात, म्हणजे दुरुस्तीची वेळ आली की ती आधी सुटते. युकुलेलेत तबलीवर फिंगरबोर्ड येऊन बसलेला असतो, तबली सहजी उघडत नाही. म्हणून इथे पाठ पातळ सरसाने आणि सगळ्यात शेवटी लावा. तबली, दांडी आणि घोडी दाट सरसाने. उद्या आतली पट्टी सुटली तर पाठीच्या बाजूने सुरी घालता येईल.

भिंतीवर लटकलेलं माझं पहिलं युकुलेले असंच उघडलं. सुरीचं पातं, स्पिरिटचे दोन थेंब, 'टक्' असा बारीक आवाज, आणि पाठ हातात. आतल्या बाजूने तबली खरवडायला घेतली, घोडीभोवती २ मिमीपर्यंत आणली, बास-बार काढून तीन छोट्या पट्ट्या बसवल्या आणि पाठ परत लावली. कमान होती तशीच राहिली, त्यामुळे आवाज अजूनही थोडा आखडलेला आहे. पण आता ते वाद्य निदान बोलतं.

आणि जाडी. व्हायोलिनवाल्याला युकुलेले करताना सगळ्यात मोठा फायदा इथे होतो, आणि सगळ्यात मोठा धोकाही इथेच आहे. तबली कॉन्सर्टला १.६ ते २ मिमी. नेमकी किती, ते त्या फळीवर अवलंबून. दोन स्प्रूसच्या फळ्या शेजारी शेजारी एकाच झाडाच्या वाटतात आणि हातात वाकवल्या की एक पुठ्ठा, दुसरी पोलादी पट्टी. म्हणून मी आकडा ठरवून तिथपर्यंत जात नाही. २.३ मिमीपर्यंत रंध्याने उतरवते आणि मग रंधा बाजूला ठेवते.

पुढे फक्त स्क्रेपर. धार नीट वळवलेली असेल तर भुसा पडत नाही, पापुद्रे निघतात, इतके पातळ की फुंकर मारली तर उडतात. दर वीस-पंचवीस हातांनंतर थांबायचं. तबली दोन अंगठ्यांवर आडवी धरून रेषांच्या आडव्या दिशेने हलकेच वाकवायची, मग उभ्या दिशेने. उभी दिशा शेवटपर्यंत ताठच राहते. आपण लक्ष ठेवायचं ते आडवीवर. सुरुवातीला ती अंगठ्याला विरोध करते. एका टप्प्यावर येऊन विरोध तसाच असतो, पण त्यात स्प्रिंगसारखी लवचिकता जाणवते. मग कडेपासून साधारण पाव अंतरावर चिमटीत धरून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. व्हायोलिनच्या पाट्यांचा सूर लोक हर्ट्झमध्ये मोजतात. अमेरिकन व्हायोलिनकार कार्लीन हचिन्स यांनी आयुष्यभर त्यावर मोलाचं काम केलं. पण ते आकडे कमानदार पाट्यांचे आहेत, युकुलेलेला लावू नका. मी सूर कोणता ते बघत नाही, टिकतो किती ते ऐकते. 'ठक्' असेल तर काम बाकी आहे. 'ठंऽ' असं लांबलं की हात आवरता घ्यायचा. शेवटी तबली दिव्यासमोर धरा. पातळ जागा केशरी उजळतात, जाड जागा काळपट राहतात. कुठे खरवडायचं बाकी आहे ते कॅलिपरच्या आधी दिवाच सांगतो.

हात का आवरायचा, तर ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी १० टक्के घटवली, २ वरून १.८ केली, की ताठपणा सुमारे २७ टक्के जातो. व्हायोलिनच्या ३ मिमीवर दोन पापुद्रे जास्त निघाले तर कळतही नाही. इथे तेच दोन पापुद्रे घोडीमागे फुगवटा आणतात. घोडीभोवती आणि मधोमध किंचित जाड ठेवा, खालच्या घेराच्या कडेकडे ०.२ मिमीपर्यंत उतरवा.

पट्ट्यांचं लांबण लावत नाही. भोकाच्या वर एक आडवी, खाली एक आडवी, आणि घोडीखालून पंख्यासारख्या तीन, प्रत्येक ५ मिमी रुंद, मध्ये ७ मिमी उंच, टोकांना २ पर्यंत उतरत्या. बास-बार बसवताना खडू लावून जिथे रंग उमटतो तिथेच तासता ना, अगदी तसंच इथेही करा. पट्टी क्लँपच्या जोरावर बसवली तर ती आयुष्यभर तबलीला आपल्याकडे ओढत राहते. घोडीच्या बुडालाही हाच खडू. व्हायोलिनच्या घोडीचे पाय जितक्या निगुतीने बसवता, तितक्याच निगुतीने हिचं अख्खं बूड बसवा, कारण हिला तारांच्या दाबाचा आधार नाही, फक्त सरसाचा आहे. तिथल्या लाकडावर पॉलिशचा अंशही नको.

कमानीची हौस भागवायची तर पाठीत भागवा. पाठीच्या आडव्या पट्ट्यांना १ ते १.५ मिमी बाक द्या. याला कारणही आहे: सपाट पाटी हवा कोरडी झाली की आकसते, आणि वाव मिळाला नाही तर तडकते. व्हायोलिनची कमान थोडी खाली बसून ते आकसणं झेलते. सपाट पाटीला तो वाव तुम्हीच द्यायला हवा. त्याच कारणाने दमट दिवसांत पट्ट्या आणि पाठ लावू नका. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के असेल तेव्हा लावा, नसेल तर वाट बघा.

लाकूड कोणतं, हे तुम्ही विचारलेलं नाही. ते बरं केलंत. स्पॅनिश गिटारकार तोरेसने १८६२ मध्ये एका गिटारच्या बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, आवाजाचं मुख्य काम तबली करते हे दाखवायला. व्हायोलिनमधून उरलेला मेपल पाठीला आणि बाजूंना खुशाल वापरा.

दांडी व्हायोलिनसारखी ठोकळ्यात खाच करून, सरसाने बसवा, तुमचा हात त्यात बसलेला आहे. फक्त कोन विसरा. व्हायोलिनची दांडी मागे कललेली असते कारण घोडी ३३ मिमी उंच असते. इथे तारा तबलीपासून जेमतेम १० मिमीवर. फिंगरबोर्डचा वरचा पृष्ठभाग तबलीशी जवळजवळ समांतर ठेवा आणि लांब सरळ पट्टी घोडीपर्यंत धरून पुन्हा पुन्हा तपासा. बाराव्या पडद्यावर तार २.५ मिमी उंच राहिली पाहिजे. व्हायोलिनच्या डोक्याचं वळण कोरायची इच्छा होईलच. कोरा, पण जड लाकडातून नको. एवढ्या हलक्या पेटीला जड डोकं लावलं की वाद्य हातात सतत पुढे झुकतं. खुंट्या व्हायोलिनच्या चालतात, १:३० उतार, तोच रीमर (भोक निमुळतं करायचं हत्यार). जुन्या युकुलेल्यांना लाकडी खुंट्याच असायच्या.

व्हायोलिनने तुम्हाला मुळीच न शिकवलेली गोष्ट म्हणजे पडदे. तिथे सूर वादकाचं बोट शोधतं, इथे तुमची करवत. उरलेली लांबी दरवेळी १७.८१७ ने भागायची. ३८० ला पहिला पडदा २१.३३ मिमीवर, दुसरा नटपासून (दांडीच्या डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीपासून) ४१.४६ वर, बारावा बरोबर १९० वर. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. पडद्यापासून पडदा मोजत गेलात तर चुका साचतात. तार दाबली की किंचित ताणली जाते, म्हणून घोडीवरची टेकण्याची जागा ३८० वर नाही, २ मिमी मागे. आणि व्हायोलिनच्या फिंगरबोर्डला देता तो गोलवा आणि मधला खोलगटपणा इथे नको. सपाट. फिंगरबोर्ड चिकटवताना सरसातल्या पाण्याने तो वर वळतो, तेव्हा सरस कमी लावा, क्लँप भरपूर, आणि पडदे ठोकायच्या आधी आठवडाभर जाऊ द्या.

कडेच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीचाही विचार तुमच्या मनात असणार. व्हायोलिनची कड ४ मिमी जाड असते, तिच्यात २ मिमी खोल खाच बसते. तुमची तबलीच १.८ मिमीची. खाच मारलीत तर ती थेट अस्तरपट्टीत उतरेल. हवीच असेल तर अगदी कडेला पट्टी लावा, आत नको.

पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख, बोळ्याने, पातळ. व्हायोलिनचं तेलाचं वार्निश सुंदर दिसतं, पण मनगट सतत घासणाऱ्या जागी ते मऊ पडतं, आणि स्प्रूसमध्ये तेल मुरलं तर एवढ्या पातळ तबलीला ते सोसत नाही.

पण पॉलिशच्या आधी, व्हायोलिन करताना करता तसं, कोऱ्या लाकडावरच तारा चढवा आणि दोन आठवडे ताणात ठेवा. पहिल्या दिवशी घोडीमागे सरळ पट्टी धरून फुगवटा मोजून लिहून ठेवा, मग रोज. मिलिमीटरभर वर येऊन थांबला तर तसाच राहू द्या. मुळीच हलला नाही आणि आवाज आखडलेला असेल तर भोकातून बोटं घालून पंख्याच्या पट्ट्यांची टोकं छोट्या रंध्याने आणखी उतरवा, एका वेळी एकच पट्टी, आणि प्रत्येक वेळी तारा परत चढवून ऐका. फुगवटा चौथ्या-पाचव्या दिवशीही वाढतच असेल तर तारा सैल करा आणि मोजलेले आकडे इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगते.